डोळ्यातली पाणसळ

४ मार्च

धाकट्या,

तुझ्याशी जन्मात बोलणार नाही असं मी म्हटलं होतं. लिहिणार नाही असं म्हटलं नव्हतं. तेव्हा दादाने शब्द मोडला वगैरे डोक्यात आणू नकोस. अक्षर तुझ्या वहिनीचं आहे, कारण माझा हात दुखतोय. मी सांगतोय, ती लिहितेय.

कामाचं विचारतो. तुमच्या त्या दारांच्या कारखान्यात हल्ली लाकूड कसं येतंय? वाकडं येतंय का? इथे एक फळी सरळ मिळेल तर शपथ. नेहमीसारखी फळी उचलतो, डावा डोळा मिटतो, उजव्याने धारेवरून नजर टाकतो, तर मधोमध पोट. दुसरी उचलतो, तिलाही पोट, आणि त्याच जागी. लाकूडवाल्याला बोलावून चांगला फैलावर घेतला. तो लोखंडी पट्टी लावून म्हणतो, "मिस्त्री, फळी सरळ आहे." मी म्हटलं, तुझी पट्टीच वाकडी आहे. तो पट्टी काखेत मारून निघून गेला, नमस्कारसुद्धा केला नाही.

एका शाळेची दारं करतोय. एकाची कड फुगलेली दिसली म्हणून रंधा मारला. पुन्हा बघितलं, पुन्हा मारला. सरळ दिसेपर्यंत मारला. बसवायला गेलो तर दार आणि चौकट यांच्यामध्ये बोट जाईल एवढी फट, वर नाही, खाली नाही, बरोबर मध्ये. आयुष्यात असं दार माझ्या हातून गेलं नाही. लाकूडच रातोरात वाकायला लागलं असेल तर तुमच्याकडेही वाकत असणार. काय ते कळव. बाकी सगळं ठीक.

दादा

(भावजी, आता मी माझं लिहिते. हे अंघोळीला गेलेत. ह्यांचा हात ठणठणीत आहे.

काल सकाळी चहा घेताना माझ्याकडे बघून म्हणाले, "आज तू अशी काय दिसतेस?" मी म्हटलं, रोज दिसते तशीच. तर म्हणाले, "तुझे केस दिसतायत, कान दिसतायत, मधलं काही नाही." मला वाटलं चेष्टा करतायत. मग कप ठेवायला गेले आणि टेबलाच्या बाहेर ठेवला. तसंच रिक्षात घालून डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं.

उजव्या डोळ्यात रक्तस्राव झालाय. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग, ज्याने आपण वाचतो, माणसं ओळखतो, तो वयाने झिजलाय. त्याच्यामागे नको त्या बारीक रक्तवाहिन्या वाढल्या होत्या, त्यातली एक फुटली. आणि डाव्या डोळ्याचा मधला भाग कधीच गेलेला आहे म्हणे. कोणाला पत्ता नाही. लागणार कसा? जन्मभर तो डोळा मिटूनच तर काम केलं. आता जे काही आहे ते हा उजवा. हा गेला तर चालता-फिरता येईल, पण काम नाही, वाचन नाही, समोरच्याचा चेहरा नाही.

डॉक्टरबाईंनी एक उपाय सुचवलाय, आणि शुक्रवारपर्यंत सांगा म्हणाल्यात. हे नाही म्हणतात. तुमचं नाव निघालं की ह्यांचं डोकं फिरतं, पण पत्र लिहायचं ह्यांनीच काढलं. यात काय समजायचं ते समजा. न्हाणीतलं पाणी बंद झालं, हे येतील, थांबते.)

६ मार्च

धाकट्या,

परवाच्या पत्रात मी सांगितलं अर्धं पान आणि पाकिटात गेली दोन. मला वाचता येत नाही याचा फायदा घेतला जातोय. काय खरडलंस विचारलं तर तुझी वहिनी मूग गिळून बसली. म्हणजे तुला सगळं कळलंय. तर आता माझ्याकडून नीट ऐक, तिखटमीठ न लावता.

डॉक्टरबाई माझी मुलगी शोभेल एवढ्या वयाची. तिने माझ्यासमोर चौकटी-चौकटींचा एक कागद धरला. मध्ये तर मला तपकिरी डागच दिसत होता, पण डागाच्या भोवतीच्या रेघा सापासारख्या वळवळलेल्या. मी म्हटलं, "ह्या रेघा कोणी मारल्या? त्याला पट्टी द्या एखादी." ती म्हणाली, "काका, त्या छापलेल्या आहेत. सरळच आहेत." डोळ्याचं नंतर सुचलं. आधी ते शाळेचं दार आठवलं. सरळ दाराला माझ्या डोळ्याच्या बाकाइतकं वाकडं करून ठेवलं मी, आणि लाकूडवाल्याला शिव्या घातल्या. त्याच्याशी काय बोलायचं ते नंतर बघू, सध्या तो दुकानासमोरून जाताना खोकतो फक्त.

उपाय असा. एक औषध असं आहे की ते त्या गळक्या रक्तवाहिन्या बंद करतं. ते डोळ्यात सुईने देतात, दर महिन्याला. नुसतं तेवढंच केलं तर गळती थांबते, पण जे रक्त आधीच साठलंय ते तिथेच राहतं. म्हणून ही बाई म्हणते, सगळं एकदम करू. एका औषधाने गोठलेलं रक्त पातळ करायचं. मग डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडायचा आणि माणसाला पालथं ठेवायचं, म्हणजे तो बुडबुडा वर चढून त्या रक्ताला मधून बाजूला सारतो. आणि तिसरं ते गळती बंद करणारं. एकेकटं औषध अर्धंच काम करतं म्हणे, तिन्ही मिळून पुरं. मी विचारलं, हमी काय? ती म्हणाली, "हमी नाही. पुन्हा रक्त येऊ शकतं, पडदा सुटू शकतो. पण काही केलं नाही तर काय होईल ते मला जास्त खात्रीने सांगता येईल." मी म्हटलं, मग राहू दे, आणि उठून आलो.

काल कारखान्यात गेलो. आपल्या, तुमच्या नव्हे. काही दिसत नव्हतं, हाताने चाचपत बसलो होतो. एका खुर्चीच्या पायाला मागे सांडलेला सरस बोटाला लागला. वाळून खडखडीत. नखाने उचकटला तर लाकडाचं सालपट घेऊन निघाला. ओला असता तर ओल्या फडक्याने एका हाताने पुसला असता, खूणही राहिली नसती. मग वहिनीला म्हटलं, त्या डॉक्टरणीला फोन लाव. विचारलं, "बाई, ते रक्त सरसासारखं आहे का?" ती म्हणाली, "अगदी तसंच, काका. जसजसं वाळेल तसतसं पडद्याला धरून आकसेल. म्हणून मी घाई करतेय." मी म्हटलं, हे तुम्ही आधी सांगायला हवं होतं, वायू आणि बुडबुडे कशाला सांगत बसलात. ती हसली.

तर उद्या जातोय. भीती वाटते, हे तुला सांगायला मला काही वाटत नाही, तू लहानपणी माझ्यापेक्षा जास्त भित्रा होतास. सुईची नाही वाटत. नंतरची वाटते. डोळा गेला तर मी करायचं काय? मला दुसरं काही येत नाही. नुसतं बसून राहायलाही येत नाही, तुझ्या वहिनीला विचार.

दादा

(भावजी, सुया झाल्या की काही दिवस ह्यांना जमिनीकडे तोंड करून राहायचंय. बसायचं तसं, झोपायचं तसं. त्यासाठी एक खास खुर्ची भाड्याने मिळते, ती दुसऱ्या पेशंटकडे गेलीय. मी उशा रचून बघतेय, पण ह्यांचं डोकं घसरतं आणि मग माझ्यावर ओरडतात. ह्यांच्या बसण्यापासून कपाळापर्यंतचं, छातीचं आणि खांद्यांचं माप मी टेपने घेतलं. मागच्या बाजूला लिहिलंय. का लिहिलं ते मलाही सांगता येणार नाही. पत्र सकाळच्या गाडीने जाईल.)

९ मार्च

भावजी,

झालं. तिन्ही औषधं दिली. सुई टोचताना हे डॉक्टरबाईंना विचारत होते की तुमच्या हत्यारांना धार कोण लावतं. बाहेर आल्यावर मात्र माझा हात सोडेनात. रिक्षात मान खाली घालून बसले ते अजून तसेच.

आता टेबलावर उशी, उशीवर कपाळ. मान अवघडली की वर करायला जातात, मी ओरडते, हे ओरडतात. शेजारणीला वाटतंय आमचं भांडण चाललंय. काल त्याच अवस्थेत झोप लागली आणि उशी सरकली, नाक टेबलावर आपटलं. मला रडू आलं, म्हणून ह्यांनी समजूत काढली, ती पण टेबलाकडे बघत.

तुमचं उत्तर नाही. राग असेल तर रागाचं तरी पाठवा, म्हणजे मी पोस्टमनच्या वाटेकडे बघायची थांबेन.

वहिनी

२२ मार्च

धाकट्या,

अजून वहिनीच लिहितेय. बुडबुडा आहे डोळ्यात, लहान झालाय.

तू इथे होतास तेव्हा मी काय बोललो ते तुला माहीत आहे. फार नव्हतंच. जे बोललो नाही ते सांगतो.

तू आलास हे मला लगेच कळलं. दार वाजलं, वहिनी "अगंबाई" म्हणाली. तेवढ्यात कोणीतरी जड काहीतरी भिंतीला टेकवलं, टेकवताना आधी पायाने जमीन चाचपली आणि मग अलगद सोडलं. आबांनी आपल्या दोघांना तसंच शिकवलं होतं, लाकूड आपटायचं नाही. कारखान्यात इतकी वर्षं पाट्या टाकूनही ती सवय गेली नाही तुझी. मी टेबलाकडे तोंड करून गप्प बसलो. तूही गप्प. वहिनी म्हणाली, "दोन दगड माझ्या घरात येऊन पडलेत."

मग तू मला खांद्याला धरून उठवलंस आणि तू करून आणलेल्या त्या लाकडी घोडीवर बसवलंस. छातीला तिरकी फळी, तोंडासाठी गोल, गोलाला घोंगडीची गादी, हात ठेवायला दोन बाजूंना पट्ट्या, खाली चहाचा पेला ठेवायला कप्पा. कपाळ टेकवलं आणि मानेतला पीळ सुटला. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा मला कुठेच काही दुखत नव्हतं. तुला वाटलं मी झोपलो. मी रडत होतो. खाली तोंड होतं म्हणून कळलं नाही कोणाला, सगळं सरळ जमिनीवर पडत होतं.

डोळ्याने काही दिसत नव्हतं, म्हणून बोटं फिरवली. खिळा नाही, स्क्रू नाही. सगळं खाचेत खाच बसवलेलं. यंत्रावर दिवसभर उभा राहणारा माणूस, एका दिवसात हाताने हे करतो, तेही वहिनीच्या शिवणकामाच्या टेपने घेतलेल्या मापावर. ते मला बोलून दाखवता आलं नाही. म्हणून म्हटलं, "डावीकडचा सांधा केसभर सैल आहे."

तू म्हणालास, "लाकूड ओलं होतं. घाईत मिळालं ते घेतलं."

मी म्हटलं, "घाई कसली होती?"

तेवढ्यात वहिनीने चहा आणला आणि तुझे पाय माझ्यासमोरून गेले. डाव्या डोळ्याने कडेकडेचं दिसतं मला. अंगठे तसेच बाहेर वळलेले, आबांसारखे. तू तिथे राहिलास तेवढे दिवस मी तुझे पायच बघितले. जेवणाच्या वेळी मान वर करायची मुभा होती, पण तेव्हा उजव्या डोळ्यात बुडबुडा हिंदकळायचा आणि तू म्हणजे धुक्यातला खांब दिसायचास. कारखान्यातली पाळी बदलता येत नाही म्हणून तू गेलास. जाताना पायाला हात लावलास, तेव्हाही मला तुझे केसच दिसले, पांढरे झालेत एवढं कळलं.

ह्या बुडबुड्याची गंमत सांगतो. आपली पाणसळ असते ना, काचेच्या नळीत बुडबुडा असलेली, तश्शी पाणसळ डोळ्यात बसवलीय. मान हलवली की हलतो, मान स्थिर की स्थिर. आता उठून बसायला परवानगी आहे. बसलो की खाली बुडबुड्याच्या कडेची काळी रेघ दिसते आणि तिच्या वर उजेड. ती रेघ रोज थोडी खाली जाते. आणि धाकट्या, त्या वरच्या उजेडात तपकिरी डाग नाही. मी वहिनीला सांगितलं नाही, खोटं ठरलं तर तिला सोसणार नाही म्हणून. आत्ता सांगतोय तर तिने लिहायचं थांबवलंय.

(पुन्हा लिहायला घेतलं, भावजी. जरा तोंड धुऊन आले.)

कारखान्याबद्दल माझं मत बदललेलं नाही. यंत्रातून पडलेलं दार हे दार नव्हे, आणि आबांचं दुकान सोडून तू गेलास ते मला पटलेलं नाही, पटणारही नाही. तुझंही काही बदललं नसणार, तुला ओळखतो मी. भांडण आहे तिथेच आहे. असू दे.

दादा

२६ एप्रिल

धाकट्या,

अक्षर माझं आहे. ओळी वरखाली गेल्यात, हसू नकोस.

बुडबुडा मोहरीएवढा झाला, एक दिवस दोन मोहऱ्या झाल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शोधला तर नव्हता. त्यानंतर दवाखान्यात गेलो. डॉक्टरबाईने यंत्रात डोळा घालायला लावला, मग पडद्याचं चित्र दाखवलं. रक्त मधून सरकून खाली जाऊन बसलंय, तिथे ते शोषलं जाईल. मधली जागा मोकळी. गळती बंद. मग तिने भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. मी वरून वाचत आलो, आणि वाचतच राहिलो, ती "पुढे" म्हणेना तेव्हा कळलं की ती माझ्याकडे बघतेय. म्हणाली, "काका, एवढी मला आशा नव्हती." वहिनीने तिथल्या तिथे तिला मिठी मारली. माझा जीव भांड्यात पडला म्हणतात ना, तसा पडला. बाहेर येऊन पायरीवर बसलो आणि दवाखान्याची पाटी मोठ्याने वाचून काढली, आनंदाने असं होतं हे मला माहीत नव्हतं.

सगळं पूर्ववत नाही, हेही सांगतो. चौकटींच्या कागदात एका जागी अजून रेघा जरा झुकतात. फळीच्या मध्ये बारीक पोट दिसतं. त्यावर माझा विश्वास नाही आता, दोरी ताणून, पट्टी लावून काम करतो. शाळेचं दार नवीन केलं. दर महिन्याला सुई आहेच, आणि हा डोळा किती दिवस असा राहील ते डॉक्टरबाईला सांगता येत नाही. एखादे दिवशी पुन्हा गळू शकतो. रोज सकाळी कागद धरून बघायचं आणि काही वेगळं दिसलं की त्याच दिवशी धावायचं. लाकूड वाकलं असं म्हणायचं नाही.

लाकूडवाल्याकडे गेलो होतो. म्हटलं, तुझी पट्टी सरळ आहे. तो म्हणाला, "मिस्त्री, कळलं मला, वहिनींनी सांगितलं." त्याच्या कपाळावर मस आहे हे मला माहीतच नव्हतं. मी तो मस बघत राहिलो तर तो संकोचला.

असंच चाललंय. जे दिसेल ते बघत सुटलोय. वहिनीचा चेहरा आधी पाहिला. म्हातारी झालीय, आणि फार चांगली दिसते. पहिलं मी तिला बोललो नाही, दुसरं बोललो, तर म्हणाली डोळा अजून पुरता सुधारलेला नाही. शेजारच्या बाळाला नुकते दात आलेत. घड्याळाचे आकडे, भाजीतला खडा, माझ्या बोटांच्या भेगा. एका बैठकीत सगळं वर्तमानपत्र वाचून काढलं, त्यात काही नव्हतं.

तुझा मात्र राहिलाय. तू गेलास तेव्हा तिशीतला होतास, माझ्या डोक्यात अजून तोच चेहरा आहे. त्यानंतर एकदा आलास, आणि तेव्हा मी जमिनीकडे बघत होतो. वहिनीला विचारलं, कसा दिसतो ग आता? ती म्हणाली, "मी का सांगू? स्वतः बघा." फोटो मागवता आला असता. नको मला फोटो.

रविवारी तुला सुट्टी असते. दुपारी ये, तेव्हा पुढच्या दारात चांगला उजेड असतो. आल्या आल्या आत येऊ नकोस, आणि पायाबिया पडायला वाकू नकोस. उंबऱ्यावर उजेडाकडे तोंड करून जरा वेळ उभा राहा. बोलायची घाई करू नकोस. आधी मला तुला नीट बघू दे.

दादा